पाच नंबरची बाटली

"अगंबाई, ही तर आपली!" वहिनी म्हणाल्या. यजमानाने पाच नंबरच्या वाइनच्या बाटलीवरचा पेपर नुकताच ओढून काढला होता. वहिनी कोशिंबिरीचा वाडगा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि आवाजात ओळखीचं माणूस अचानक भेटल्याचा आनंद होता. आधीच्या पंधरा मिनिटांत आम्ही त्या बाटलीचे काय धिंडवडे काढले होते ते त्यांनी ऐकलं नव्हतं; आत मिक्सर चालू होता. वकील म्हणाला होता, "हिच्यात बोळा बुडवून काचा पुसा, लख्ख निघतील." डॉक्टरला वास घेताच नेलपॉलिश काढायचं औषध आठवलं होतं. आणि या सगळ्यांच्या आधी, पहिला घोट घेतल्याघेतल्या, "कैरी टाका आणि बरणीत भरा, वर्षभर हलत नाही" असं ज्याने म्हटलं, ज्याच्यामुळे बाकीच्यांना जोर चढला, तो मास्तर होता. वहिनींचा नवरा. बाटली त्यानेच आणलेली होती.

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

बाकीच्या सहा बाटल्यांच्या पेपराला रबरबँड होते. पाच नंबरला हिरवा लोकरीचा धागा होता, दोन वेढे देऊन गाठ मारलेला. आम्ही सगळे स्वतःला दर्दी समजणारे लोक ग्लास उजेडाकडे धरून रंग बघत होतो, काठावरची छटा बघत होतो, नाक खुपसून डोळे मिटत होतो. धाग्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मास्तरचं मात्र गेलं असणारच, गाठ त्यानेच मारली होती. मला त्या रात्री घरी येऊन शांत झोप लागली, उगाच खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना, मग बँकेच्या रांगेत, मग असंच कधीही, ते कैरीचं वाक्य परत परत आठवायला लागलं. आपल्याच बाटलीवर पहिला दगड माणूस का मारतो?

आमचं हे प्रकरण कसं चालतं ते सांगायला हवं. मंडळी कॉलेजातली, आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. वर्षातून जमेल तेव्हा कोणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने एक बाटली आणायची, शक्यतो आपल्याकडची, आणि दारातून आत येण्याआधी ती पेपरात गुंडाळलेली असली पाहिजे. यजमान फक्त एवढंच विचारतो, "पांढरी की लाल? फसफसणारी? गोड?" आणि त्यावरून नंबर टाकतो, कारण हलकी आधी आणि भारी नंतर हा क्रम मोडला तर मागून आलेल्या बिचाऱ्या हलक्या वाइनची चवच लागत नाही. ग्लास मंडपवाल्याकडून भाड्याने येतात, नाहीतर कोणाच्या घरात एवढे देठाचे ग्लास असणार? ओतायचं माप डॉक्टरकडे, तो अगदी औषध दिल्यासारखा पन्नास मिलीलीटर मोजून देतो. सात बाटल्यांचे पन्नास-पन्नास म्हणजे माणशी साडेतीनशे मिलीलीटर, जवळजवळ अर्धी बाटली, तीही जेवायला बसायच्या आत. म्हणून जाणकार लोक चव घेऊन थुंकतात. आम्हाला ते सुरुवातीला फार किळसवाणं वाटायचं, मग यजमानाने माळ्यावरून आजीची पितळी पिकदाणी काढली, चिंच लावून घासली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. आजी तिच्यात तंबाखू थुंकायची. आता तिच्यात नाशिकची लाल शिराझ वाइन जाते. वकील दर खेपेला सगळ्यांना आठवण करून देतो की १९४९ चा दारूबंदी कायदा कागदोपत्री अजून जिवंत आहे आणि आपल्यापैकी परवाना कोणाकडेही नाही. मग तो स्वतःच पहिला ग्लास पुढे करतो.

पेपरात बाटली गुंडाळणं आपल्याकडे काही नवीन नाही म्हणा. दुकानदार न सांगता गुंडाळून द्यायचा आणि वर काळी पिशवी. सोसायटीच्या जिन्यात जोशीकाकू भेटल्या तर पिशवी कशी धरायची, म्हणजे काच वाजणार नाही, हे ज्ञान आमच्या पिढीतल्या पुरुषांना उपजत होतं. आमच्या घरी बाटली म्हणजे एकच, ब्रँडीची, देव्हाऱ्याच्या खालच्या कपाटात, अमृतांजन आणि एरंडेल तेलाच्या शेजारी. तिला कोणी दारू म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती 'औषध' होती, बाळंतिणीला चमचाभर, थंडीत खोकणाऱ्या पोराच्या छातीला. त्याच काळात पुण्याहून दोन तासांवर नारायणगावला शामराव चौगुले द्राक्षांपासून फेसाळ वाइन बनवत होते आणि ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली जात होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा नारायणगाव म्हणजे नाशिकला जाताना एसटी थांबायची ते ठिकाण, एवढंच. मग नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले, आणि बघता बघता लोक गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांत पोरांना घेऊन फोटो काढायला जायला लागले. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरलं तेव्हा राज्यभर जो गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. माझ्या सासूबाईंनी त्या आठवड्यात बातम्या बघताना एकच प्रश्न विचारला होता, "मग ती फ्रीजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायची?" 

तर तो पेपर पूर्वी जोशीकाकूंपासून बाटली लपवायचा. आता तो आमच्यापासूनच लपवतो.

त्या रात्रीची सुरुवात फार छान झाली होती. डिसेंबरातली पुण्याची थंडी, बाल्कनीचं दार अर्धं लोटलेलं, आणि गरम कोथिंबीर वड्यांवर एक नंबरची फेसाळ वाइन. तळणीच्या पदार्थावर बुडबुड्यांची वाइन इतकी चांगली लागते की ते सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. तेल जिभेवरून निघून जातं आणि पुढची वडी पहिलीसारखी लागते. दोन नंबरला पांढरी, सॉव्हिन्यॉ ब्लाँ निघाली. तिला पिकायला लागलेल्या पेरूचा वास होता, पिशवीतून आणताना रिक्षाभर पसरतो तो, आणि त्याच्यामागे चिरलेल्या ढोबळी मिरचीचा. तीन नंबरची शेनिन ब्लाँ, तीही पांढरीच, थोडी गोडसर होती. बँकवाली म्हणाली, ही काय सरबत आहे, आणि तिने चारच गुण दिले. पण नंतर जेवताना तांबड्या रश्श्याबरोबर तीच शेनिन तिने तीनदा मागून घेतली. तिखट आणि वाइन यांचं नातं असंच आहे. ज्या तालेवार लाल वाइनला आपण नुसती चाखून नऊ गुण देतो तिच्यातला तुरटपणा आणि अल्कोहोल रश्श्याच्या मिरचीला आणखी पेटवतात, आणि जिला सरबत म्हणून हसतो ती दोन घोटांत आग विझवते. नुसतं चाखणं आणि जेवणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आमच्या गुणपत्रिकेत दुसरीला रकानाच नाही.

गुणपत्रिका म्हणजे बँकवालीच्या शाखेतले जुने, रद्द झालेले फॉर्म, मागची कोरी बाजू. तिच्यावर नंबर, दहापैकी गुण आणि शेरा.

चार नंबरवर भांडण झालं. लाल, घट्ट, जांभळाच्या रंगाची. मला आणि यजमानीणबाईंना तिच्यात काळ्या मिरीचा वास स्वच्छ येत होता, इतका की कोणीतरी खलबत्त्यात मिरी कुटतंय असं वाटावं. डॉक्टर म्हणे छे, काहीही, तुम्ही दोघी स्वयंपाकघरातून बाहेर पडा जरा. शिराझ आहे म्हटल्यावर मिरी म्हणायचं पुस्तकात वाचलंय तुम्ही. आवाज चढले. मला इथे विज्ञानाची बाजू घेता आली, आणि अशी संधी डॉक्टरसमोर क्वचित मिळते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या एका द्रव्यामुळे येतो, आणि खऱ्या काळ्या मिरीत वास त्याचाच असतो. गंमत पुढे आहे. त्यांनी ज्यांना ते हुंगायला दिलं त्यांतल्या साधारण एक पंचमांश लोकांना ते भरपूर घालूनही अजिबात जाणवलं नाही. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच बाटलीतून ओतलेली, दोन माणसांची वाइन खरोखरच वेगळी असू शकते. डॉक्टर त्या पाचातला एक. त्याने हे ऐकून घेतलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग माझ्या घरच्या रश्श्यात मिरी कमी आहे म्हणून मी तीस वर्षं भांडतोय ते…" यजमानीणबाई म्हणाल्या, "तुझ्या बायकोला हे आजच कळव."

निफाडवाला या सगळ्यात शांत होता. तो आमच्या वसतिगृहातला, आता गावी द्राक्षबाग करतो. मुलगा पुण्यात शिकायला आहे, त्याला भेटायला आला की आमच्याकडे डोकावतो, येताना बेदाण्याचा डबा घेऊन. गळ्यात माळ आहे, पीत नाही. पण प्रत्येक ग्लास त्याच्याकडे जातो, तो हुंगतो आणि पुढच्याला देतो. त्याची दोन एकर वाइनची द्राक्षं आहेत, कंपनीशी करार करून लावलेली, बाकी सगळी थॉमसन, म्हणजे खायची. वाइनच्या द्राक्षांबद्दल तो जरा तुच्छतेनेच बोलतो. मणी बारीक, साल जाड, आत बिया, "पाहुण्यासमोर ठेवली तर पाहुणा पुन्हा यायचा नाही." पण लाल वाइनला रंग आणि तुरटपणा त्या जाड सालीतूनच मिळतो, हे तोच समजावून सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस ओसरल्यावर गोडी छाटणी, एका पिकासाठी वेलीला वर्षातून दोनदा कात्री. युरोपातली वेल बर्फात झोपते, आपली झोपतच नाही, म्हणून तिला असं वळण लावावं लागतं. त्या रात्री तो अधूनमधून फोनवर हवामान बघत होता. "मण्यात पाणी उतरतंय आता," तो म्हणाला, "या दिवसांत पाऊस आला की संपलं." आम्ही सहाजण त्याच्यासमोर ग्लास फिरवत होतो आणि त्याच्या डोक्यात ढग होते.

सहा नंबरचा ग्लास हुंगून तो म्हणाला, "कॅबरने आहे. आणि हा माल आठ दिवस आधी तोडलाय." 

आम्ही बघतच राहिलो. पेपर निघाल्यावर लाल कॅबरनेच निघाली. त्याला तो हिरव्या मिरचीसारखा, काडी मोडल्यावर येणारा वास आला होता. द्राक्ष पिकत जातं तसा तो कमी होत जातो, आणि घाईने तोडलं तर वाइनमध्ये उतरतो. तोडणीची तारीख कंपनी ठरवते, शेतकरी नाही. पण तोडणीच्या सकाळी अंधारात उठून बॅटरीच्या उजेडात क्रेट भरायला तोच असतो. त्याच्या नाकात जे साठलंय ते आम्ही शंभर बाटल्या उघडूनही आमच्या नाकात यायचं नाही. "मग एकदा चाखून बघ ना," वकील म्हणाला. "कशाला," तो म्हणाला, "कळलं की." याला उत्तर नव्हतं. मला तेव्हा थोडी असूया वाटली, थोडं ओशाळल्यासारखंही झालं, आणि मी एक बेदाणा तोंडात टाकला.

झाकून चाखण्याची ही पद्धत आमच्यात वकिलाने आणली. त्याचा आवडता दाखला पॅरिसचा. २४ मे १९७६ ला स्टीव्हन स्पुरियर नावाच्या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने तिथे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन एकत्र, नावं झाकून, फ्रान्समधल्या भल्याभल्या परीक्षकांपुढे ठेवल्या. दोन्ही गटांत, पांढऱ्यात आणि लालमध्ये, कॅलिफोर्निया पहिली आली. ओडेट कान नावाच्या एका परीक्षक बाईंनी निकाल ऐकल्यावर आपली गुणपत्रिका परत मागितली. वकील ही गोष्ट सांगताना इतका रंगतो की जणू बाईंच्या विरुद्ध खटला तोच लढवतोय. त्याचं म्हणणं, लेबल म्हणजे शिफारसपत्र, ते काढून घेतलं तरच न्याय. आणि यात तथ्य आहेच. २००१ मध्ये बोर्दोच्या विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला होता, वास-चवीत फरक न करणारा. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनसारखं केलं, लाल-काळ्या फळांचे शब्द वापरून. वाइन शिकणारी मुलं होती ती, आपल्यासारखी हौशी नव्हे. डोळा जिभेला इतका फसवतो तर किंमत, नाव, देश, ओतणाऱ्या माणसाचा रुबाब किती फसवत असतील. आमच्याच टेबलावर अकलूजच्या सांजोवेजे नावाच्या लाल वाइनला फ्रेंच समजून मान डोलावणारे लोक मी पाहिलेत, आणि पेपर निघाल्यावर "म्हणजे सोलापूर जिल्हा?" असं म्हणून गुण कमी करायला निघालेलेही. पेपर असल्या लबाडीला जागा ठेवत नाही. मला तो आवडतो तो त्यासाठी.

पण न्याय कोणाला हवा असतो जेवायला आल्यावर?

पाच नंबरबद्दल आता नीट सांगते. ती ओतली तेव्हाच रंग विटलेला होता, कडेला विटकरी, मध्ये भिजत घातलेल्या शिकेकाईसारखा. नाकाजवळ नेली तर आधी काकवी, मग तो नेलपॉलिशचा झणका, मग सरळ सिरका. तोंडात फळ नव्हतंच, नुसतं आंबट आणि मागे कडवटपणाची रेघ. दोष ज्यांनी बनवली त्यांचा नाही, म्हणून लेबल सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठी असतात, आणि ठेवायच्याच तर गार, अंधारात, आडव्या. ही बाटली मास्तरच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, पश्चिमेच्या खिडकीसमोर, दहा उन्हाळे उभी होती. तिची कथा वहिनींनी नंतर जेवताना सांगितली, अगदी हसत. मुलगी इंजिनिअरिंगला परदेशी निघाली त्या वर्षी दोघं नाशिकला गेली होती, काळारामाचं दर्शन, त्र्यंबक आणि वाटेत एका वायनरीत. तिथे मास्तरने ही घेतली, म्हणाला पोरगी परत आली की उघडू. पोरगी चार वेळा येऊन गेली. ती पीत नाही. पहिल्या खेपेला तिने सांगितलं, "बाबा, तुम्ही घ्या ना," आणि मास्तर म्हणाला पुढच्या वेळी. बाटली राहिली, वर धूळ पुसली जात होती. वहिनींना ती शोकेसमधून गेल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. तिच्या जागी त्याने पोरीची बुद्धिबळाची ढाल सरकवून ठेवली होती.

"ही तर आपली" नंतरचे ते दोन-तीन सेकंद यजमानीणबाईंनी सावरले. "पानं वाढलीत, चला, सुकं गार होतंय," असं त्या म्हणाल्या आणि खुर्च्या सरकल्या. वकील, जो न्यायाधीशासमोर अडखळत नाही, तो वहिनींना म्हणाला, "वास मात्र फार… वेगळा होता हं." मास्तर हसला, मोठ्याने. "अहो वहिनी," डॉक्टर सुरू झाला आणि थांबला. मग वहिनींनीच ग्लास उचलून हुंगला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "ई! ओतून द्या हो बाटली, मला मनीप्लांटला हवीच होती." झालं. हशा झाला, ताण सुटला, रस्सा आला. सगळ्यात सुटसुटीत त्याच वागल्या. पण मी मास्तरकडे बघत होते, आणि तो भाकरी मोडत होता, अगदी बारीक बारीक तुकडे, जितके खायला लागतात त्याहून बारीक.

माझी मावशी सुगरण होती. गावात तिच्या हातच्या पुरणपोळीसाठी लोक वाट वाकडी करून येत. पण पान वाढताना तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आज मेलं काही जमलं नाही हं, कणीक जरा सैल झाली." पाहुणा घास तोंडात घालायच्या आधीच. लहानपणी मला वाटायचं तिला स्तुती हवी आहे, लोकांनी "छे छे, काय सुरेख झालीय" म्हणावं म्हणून ती हे करते. ते लोक म्हणायचेही. मोठी झाल्यावर, स्वतः चार माणसांना वाढायला लागल्यावर कळलं की ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ येऊ नये याची तजवीज असते. दोष आपणच काढला की तो आपल्या ताब्यात राहतो. शिवाय खाणाऱ्याचीही सोय होते. आवडलं तर तो खोडून काढतो, नाही आवडलं तर गप्प बसू शकतो. मास्तरने कैरीचं वाक्य टाकलं ते मला याच घराण्यातलं वाटलं. फरक एवढाच की मावशीच्या तव्याशी ती स्वतः उभी असायची, सगळ्यांना दिसत. मास्तरने पेपराआडून स्वतःला नावं ठेवली, त्यामुळे त्याला "छे छे" म्हणणारं कोणीच नव्हतं. उलट सगळ्यांनी त्याच्या सुरात सूर मिसळला. उघडी बाटली असती तर? कोणीतरी लेबल वाचलं असतं, वर्ष वाचलं असतं, "अरे दहा वर्षं जपलीस!" म्हटलं असतं. गोष्ट निघाली असती, मुलीची, नाशिकची. आणि मग सगळ्यांनी तो सिरका अर्धा अर्धा घोट गिळला असता, तोंड वाकडं न करता. खोटं झालं असतं ते. पण कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर आपण एरवी दुसरं काय करतो?

रात्री आवराआवर करताना गुणपत्रिका माझ्या हातात आल्या. मास्तरचं अक्षर ओळखू येतंच, फळ्यावरच्यासारखं, प्रत्येक अक्षराला शिरोरेघ वेगळी. पाच नंबरसमोर त्याने २ लिहिले होते. आम्ही बाकीच्यांनी १ किंवा शून्य. त्या २ वर मी बराच वेळ रेंगाळले. मग शेरा वाचला. बाकी सगळ्यांपुढे त्याने "फळाचा वास", "तुरट, बरी" असलं काहीतरी लिहिलं होतं. पाचसमोर फक्त "उशीर".

नंतर काही दिवसांनी वेताळ टेकडीवर सकाळी तो भेटला. मी आडवळण न घेता विचारलं, माहीत होतं ना बिघडलीय ते? तो म्हणाला, "दोन वर्षांपासून. बूच वर आलं होतं, कडेने डाग पडला होता. उन्हाने आतली वाइन फुगते, बूच ढकलते, हे मीच तुम्हाला शिकवलंय." मग आणलीस कशाला? यावर तो जरा चालला, दगडाला वळसा घातला. "घरी उघडली असती तर ती दोघांनी मिळून ओतून द्यावी लागली असती गं, मोरीत. ते नको वाटलं. तुमच्यात आणली की चार विनोद होतात, संपते." आणि वहिनींनी ओळखली ते? "ते गणितात नव्हतं," तो म्हणाला. "मिक्सर बंद होईल असं धरलं नव्हतं."

मला हे पूर्ण पटलं असं नाही. ज्याला नुसती विल्हेवाट लावायची आहे तो दोन गुण देत नाही, आणि हिरव्या लोकरीची गाठही मारत नाही. आपली बाटली गर्दीत आपल्याला ओळखू यावी एवढी तरी त्याची इच्छा असणार. पण विचारायचं ते विचारून झालं होतं. वर पोहोचल्यावर त्याने नियमाचा विषय काढला. बँकवालीने ग्रुपवर प्रस्ताव टाकला होता की यापुढे पेपर बंद, प्रत्येकाने आपली बाटली का आणली ते आधी सांगायचं, मग ओतायचं. वकिलाने त्याला साक्षीदार फोडणं म्हटलं होतं. निफाडवाल्याने फक्त फेब्रुवारीत तोडणी बघायला सगळ्यांनी गाडी करून या, असं लिहिलं होतं आणि डॉक्टरने विचारलं होतं की मटण मिळेल का.

"तू काय मत दिलंस?" मी मास्तरला विचारलं.

"पेपर राहू दे," तो म्हणाला. "पण ते फॉर्म बदला. जेवणाबरोबर कशी लागली त्याचा रकाना नाही त्याच्यात. तीन नंबरवर अन्याय झाला परवा, रश्श्याबरोबर काय सुरेख लागत होती! कोणी आणली होती ती?"

मीच आणली होती. चार गुणांची. मी तसं सांगितलं, आणि कुठल्या दुकानात मिळते तेही.